टाचण्यांची डबी शोधू नका

अहो,

टाचण्यांची डबी शोधू नका, ती माझ्या पर्समध्ये आहे. तोंडात टाचण्या धरून शिवायला बसल्यावर ओठांचा चंबू करून श्वास सोडणार कसा? किती वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

तुमच्या छातीच्या व्यायामाला आजही मी एकटीच चालले आहे. नेमकं वर्गाच्या वेळेलाच तुम्हाला गिऱ्हाइकाच्या घरी मापं घ्यायला जायचं असतं! शिकवणाऱ्या बाई परवा म्हणाल्या, फुप्फुसं छान सुधारलीत. माझी! मला काय धाड भरली होती?

आता निदान वाचा तरी. नाकाने श्वास घ्या, मनात दोन मोजा. मग गरम चहावर फुंकर घालतो तसा, चार मोजत सावकाश सोडा. जिन्यात थांबून श्वास घ्यायचा आणि सोडता सोडता पायरी चढायची. रोखायचा मात्र कधीच नाही.

तुम्ही दुकानातून वर येताना शेवटच्या सहा पायऱ्या श्वास रोखून चढता, मला धाप ऐकू येऊ नये म्हणून. आणि दारात जांभळ्या ओठांनी हसता. मी काय दूधखुळी आहे?

खुशाल धापा टाकत या. धाप ऐकू आली की तुम्ही येताय हे कळतं, मी आपली कामाला लागते. जिना एकदम गप्प झाला की मीच दाराआड उभी राहून आकडे मोजते.

काल एकोणीसपर्यंत मोजले.