चंद्रीचं खाचर

२ मार्च
हॉटेलच्या चादरी गच्चीवर टाकल्या. मनालीत ऊन आलं तर दोन तास. ओळीनं पसरल्या की आमच्या गावची भातखाचरंच दिसतात. हे पाणथळ, ते उंबराखालचं... सुपरवायझर म्हणाला, कहाँ खो गया.
धाकट्या बहिणीचा, सुमीचा फोन. तिचा एम.ए.चा प्रबंध त्याच खाचरांच्या नावांवर. "दादा, तूच सांग रं. मी शाळेत होते, तू म्हशी चारल्यास." सगळी सांगितली.

६ मार्च
सुमीच्या मॅडमचा नियम, प्रत्येक नाव सांगणारी दोन माणसं पायजेत. पयला मी. दुसरे शेजारचे बारकूबाबा. सुमी त्यांना घेऊन बांधाबांधानं फिरते. मी इथं टॉवेलांच्या घड्या घालतोय, पाय तिकडं चिखलात.

११ मार्च
चंद्रीचं खाचर पण वहीत गेलं.
चंद्री आमची म्हैस. ओढ्याकडच्या त्या तुकड्यात बसली की उठायची नाय. आठ-नऊ वर्षांचा असेन, मीच नाव ठेवलं. मग सगळ्या पोरांच्या तोंडी बसलं. त्या दिवशी फोनवर ओघात बोलून गेलो.
आणि बारकूबाबा सुमीला म्हणाले, "लय जुनं नाव हाय पोरी. माझा बाप पण तेच म्हनायचा." तिनं त्यावर आख्खं पान लिहिलं. चंद्री कुठली तरी देवी असावी म्हणे. मॅडमना तेच पान सगळ्यात आवडलं.
हसू आलं. मग नाय आलं.

१५ मार्च
सांगायलाच फोन केला. ती बोलतेय, तीन प्रती, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. "नावं खरी हायत म्हणून तुझ्या सहीचा फॉर्म धाडलाय, तो परत आला की छापायला. आभारात तुझं नाव पयलं हाय."
"एखादं नाव चुकलं तर?"
"तोंडी परीक्षेत माझी सालटी काढतील. का रं?"
"काय नाय. बर्फ पडतोय."
पडत नव्हता.

२० मार्च
फॉर्म पोस्टानं आला. शाईचीच सही पायजे, मोबाइलवरनं फोटो धाडलेला चालत नाय. शिक्षण: सातवी. अक्षर बरं काढलं. खाली छापलंय, वरील नावे पूर्वापार चालत आलेली आहेत. सतरावं चंद्रीचं.
खोडलं तर तिचं पान जाईल. नाय खोडलं तर...
दुपारी गच्चीवर डोळा लागला. ओल्या चादरीवर चंद्री बसलेली, रवंथ करत. उठवावीशी वाटेना.

२१ मार्च
बारकूबाबांना फोन लावला. म्हटलं, बाबा, ते नाव मी ठेवलेलं.
"ठावं हाय मला."
"मग तुमचा बाप कसा म्हनायचा?"
"पोरगी उन्हाची एवढी फिरली. रिकामी कशी धाडू?" आणि वर, "बाकीची नावं पन कुनी म्हसरामागच्यानंच ठेवली असतील की रं."
सतराव्या ओळीपुढं पेन्सिलीनं लिहिलं: हे नाव माझं. चंद्री आमची म्हैस.
शाईनं गिरवायचं बाकी. सुमीचा फोन वाजतोय.