आईचे डोळे

ताई,

लिहीन लिहीन म्हणत महिना काढला. मध्ये दोन नोकऱ्या सोडल्या, आता एका फोटो स्टुडिओत टिकलोय. इथला पंखा लावला की प्रिंटर रुसतो, पण ते जाऊ दे.

आई गेल्यावर बाबांनी भिंतीवर लावायला तिचा मोठा फोटो मागितला. फ्लॅश उडाला की आई डोळे मिटायची, तुला माहीतच आहे. एका फोटोत उघडे असतील तर शपथ! मालक म्हणाले, "त्यात काय एवढं? घरातल्याच कुणाचे तरी बसव. नात्यातले डोळे खपून जातात." माझ्या मोबाइलमध्ये तुझा फोटो होता. तुझेच बसवले.

तू स्वतःच्या मनाने लग्न केलंस तेव्हा बाबांनी तुझे सगळे फोटो फाडले होते. आता ते दिवसभर त्या फ्रेमसमोर बसतात. काल फोनवर म्हणाले, "गाढवा, तुझी आई माझ्याकडे अशी रोखून कधीच बघायची नाही." त्यांना कळलं तर ते फ्रेम फोडतील आणि तुझ्यासारखंच मलाही घर बंद होईल. सांगून टाकू का? तूच सांग, डोळे तुझे आहेत.

थांब. बाबा आलेत! कधी गल्ली न ओलांडणारा माणूस, फ्रेम टॉवेलात गुंडाळून, एकटा बसने आलाय. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. काउंटरवर फ्रेम ठेवून मालकांना विचारताहेत, "हे डोळे ज्या फोटोतून घेतलेत, तो अख्खा फोटो मिळेल का?"

तुझा,
भटक्या