रंगवलेला नकाशा आणि सोनिवलीची बैठक

रविवार, १७ नोव्हेंबर १९९६, अंबरनाथ

आजपासून प्रगत नकाशावाचनाच्या वर्गाला जाऊ लागलो. ‘शिकू लागलो’ असे लिहिणे हेतुपुरस्सर टाळले आहे. ज्याने आयुष्यभर उल्हासनगरच्या महाविद्यालयात भूमिती शिकवली, त्याला कागदावरून जमीन ओळखणे नव्याने शिकावे लागत नाही. फार तर उजळणी होते.

वर्ग एका गिर्यारोहण मंडळाचा. दर रविवारी सकाळी, एमआयडीसीच्या मागच्या माळावर. टोपोशीट म्हणजे भूभागाचा तपशीलवार नकाशा, होकायंत्र आणि दोन पाय एवढ्या साहित्यानिशी मोकळ्या रानातून नेमक्या ठिकाणी पोचायचे. शिकवणाऱ्या कु. नीलिमा साळवी बँकेत नोकरीला आहेत. वय तिशीचे, आवाज परीक्षेतल्या पर्यवेक्षकाचा. आपण आत्ता कुठे आहोत हे ओळखणे हा पहिला नियम, असे त्या म्हणाल्या. आपण कुठे असायला हवे होते हे ओळखणे हा त्याहून मूलभूत नियम आहे, असे मी निदर्शनास आणून दिले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग त्या दुसऱ्याकडे वळल्या.

प्रभाव पडला असावा.

बुधवार, २० नोव्हेंबर

आमच्या लेकीसाठी, मीनलसाठी, स्थळ. मुलगा तिच्याच ऑफिसातला, घर सोनिवलीला, नव्या बिल्डिंगमध्ये. पसंती दोघांनी परस्पर उरकलेली दिसते. आता फक्त वडीलधाऱ्यांची बैठक उरली आहे. ती १५ डिसेंबरला, मुलाच्या घरी.

याआधी दोन स्थळे मोडली. पहिल्या मुलाला मी पोहे खाताखाता चाल आणि वेग यांतला फरक विचारला होता. दुसऱ्याच्या वडिलांनी नवा जिना कौतुकाने दाखवला, तेव्हा मी फूटपट्टी मागवून त्याच्या पायऱ्या कमीजास्त उंचीच्या असल्याचे सिद्ध केले होते. दोन्ही वेळी माझे म्हणणे बरोबर होते, हे कोणी नाकारलेले नाही.

तिसऱ्यांदा मोडलं तर मी माहेरी जाईन, आणि तिथला नकाशा तुमच्या वर्गात मिळत नाही, असे तिची आई चांगुणा म्हणाली. मीनल आत निघून गेली. जेवलीही नाही.

संकल्प: बैठकीत कोणतीही दुरुस्ती सुचवणार नाही. अगदीच ढोबळ चूक असल्यास अपवाद.

रविवार, २४ नोव्हेंबर

प्रात्यक्षिक. होकायंत्रावर दिशा धरून, कापणी झालेल्या भातखाचरांतून एका एकाकी वडापर्यंत जायचे होते. बाकीचे सगळे वडापाशी पोचले. मी एका कारखान्याच्या फाटकापाशी पोचलो. सेकंड शिफ्टवाले इतक्या लवकर कसे काय, असे वॉचमनने विचारले.

माझी दिशा निर्दोष होती. वड चुकीच्या जागी आहे.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

मंडळाकडे मूळ टोपोशीट एकच आहे. ते रंगीत असून नीलिमाबाई ते कोणाला घरी नेऊ देत नाहीत. आम्हा प्रशिक्षणार्थींना त्याची झेरॉक्स मिळाली आहे. मुळात ओढे निळे, समान उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी आणि पायवाटा लाल असतात. झेरॉक्समध्ये सगळेच काळे. इतर लोक हे मुकाट्याने चालवून घेतात. मला अव्यवस्था सहन होत नाही.

निर्णय: झेरॉक्स स्वतः रंगवायची.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये रंगीत पेन्सिली घेतल्या. सिंधी दुकानदाराने साईं, पोते के लिए?, म्हणजे नातवासाठी का, असे विचारले. नकाशासाठी, असे मी सांगितले. हां हां, स्कूल प्रोजेक्ट, असे म्हणून त्याने एक खोडरबर फुकट दिला. परत केला. मला तो लागत नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

नकाशा पूर्ण. अप्रतिम. कोणती रेषा ओढा आणि कोणती पायवाट, हे निव्वळ तर्काने ठरवले. उदाहरणार्थ, अंबरनाथच्या पश्चिमेकडून निघून थेट खाली गेलेली ठळक नागमोडी रेषा. इतकी ठळक म्हणजे वर्दळीची, म्हणजेच पायवाट. लाल.

एक ओढा तर टेकडीला पूर्ण वळसा घालून स्वतःलाच येऊन मिळतो. निसर्गाची कमाल आहे. निळा.

चांगुणाचा भाऊ बबन फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर चहाला आला होता. दाजी, फ्रेम करून टाका, असे तो म्हणाला. क्वचित त्यालाही दृष्टी येते.

रविवार, १ डिसेंबर

नकाशा वर्गात दाखवला. नीलिमाबाई म्हणाल्या, सर, छान आहे, पण बाहेर पडण्यापूर्वी एकदा मूळ शीटशी ताडून घ्या, मी आणलंय. तर्काने काढलेला निष्कर्ष ताडून पाहणे हा तर्काचा अपमान आहे, असे मी सौम्यपणे सांगितले. तर्क काठावर उभा राहतो, पाय मात्र तुमचे पाण्यात जातात, असे त्या म्हणाल्या. वाक्य गोळीबंद होते. गुण दिले असते.

शुक्रवार, ६ डिसेंबर

दादरला जाऊन आलो. सगळे मिळून. आज नकाशा नाही, सराव नाही.

रविवार, ८ डिसेंबर

अंतिम परीक्षा जाहीर झाली. प्रत्येकाने एकट्याने, अंबरनाथहून रानातून सोनिवलीच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचे. रविवार आपापल्या सोयीने निवडायचा.

पाण्याची टाकी! मुलाचे घर तिथून हाकेच्या अंतरावर. मी तत्काळ १५ डिसेंबर निवडला. सकाळी निघून, परीक्षा उत्तीर्ण होऊन, बैठकीला सर्वांच्या आधी हजर राहीन.

चांगुणाने कपाळाला हात लावला. बापाशिवाय बैठक बसत नाही, एवढं तरी भूमितीत आहे का, असे तिने विचारले. बबनने रिक्षाने चला म्हणून गळ घातली. रिक्षाने गेलेला मनुष्य पोचतो, पण त्याला वाट कळत नाही, असे मी उत्तर दिले. दाजी, आपल्याला वाट नको, जावई पाहिजे, असे तो म्हणाला.

संकल्प: अकराच्या आत. निःसंशय.

रविवार, १५ डिसेंबर

सकाळ. प्रस्थान. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, म्हणजे तिथे गेल्यावर कपडे बदलायला नकोत. मीनल दारापर्यंत आली. बाही धरून, बाबा, प्लीज, एवढ्या वेळेला तरी, एवढेच म्हणाली. मी तिला नकाशा उलगडून दाखवला. तिने पाहिलासुद्धा नाही.

थोड्या वेळाने. लाल पायवाट अचूक जागी सापडली. नीलिमाबाईंना कळवण्याजोगे. पायवाट किंचित ओलसर आहे.

पुढे. पायवाटेवर घोटाभर पाणी. देखभालीच्या नावाने आनंद आहे.

आणखी पुढे. भर पायवाटेवर दोन बायका कपडे धूत होत्या. सार्वजनिक वाटेचा असा उपयोग करू नये, असे त्यांना समजावले. अवो मास्तर, वाट त्या वरती हाय, तुम्ही वहाळान हाव, असे थोरली म्हणाली. वहाळ म्हणजे ओढा. मी तिला नकाशावरची लाल रेषा दाखवली. मग पाण्याला सांगा, लाल हो म्हून, असे धाकटी म्हणाली, आणि दोघीही पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. अशा हसण्याचा मला वर्गात पुष्कळ अनुभव आहे. पुढे निघालो.

पायवाटेत मासे.

उन्हे चढल्यावर. समोर उल्हास नदी. इथे मी हिरव्या रंगाने शेत दाखवले आहे. नदीने पात्र बदललेले दिसते. संबंधित खात्याला पत्र लिहिणे.

काठ निसरडा आहे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याच्या कडेकडेने चालत आहे. अकरा वाजून गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. घड्याळ पाहण्याचे टाळले. मनाची एकाग्रता भंगते.

दुपार. स्वतःला मिळणाऱ्या निळ्या ओढ्याच्या शोधात टेकडीला वळसा घातला. ओढा आटलेला आहे. इतका की पात्रसुद्धा उरलेले नाही. वळसा पूर्ण झाल्यावर निघालो त्याच जागी आलो. म्हणजे आकार मात्र मी बरोबर रंगवला होता.

एका झाडाखाली बसलो. मीनलने बाही धरली होती ती जागा चुरगळलेली आहे. इस्त्रीने जाईल.

दुपार कलताना. डांबरी रस्ता. एका रिक्षावाल्याकडून माझ्या स्थानाची खातरजमा करून घेतली. टाकी विरुद्ध दिशेला आहे असे त्याचे मत पडले. शेवटचा टप्पा त्याच्या रिक्षाने पार केला. हा टप्पा नकाशाच्या बाहेरचा असल्याने परीक्षेत धरू नये.

सोमवार, १६ डिसेंबर

बैठकीचा वृत्तांत बबनकडून मिळाला. अतिशयोक्ती वगळून नोंदवतो.

मंडळी ठरल्या वेळी बसली. मुलाचे वडील किसनराव शहाडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. पण त्यांचे थोरले बंधू तापट. वाट पाहून पाहून ते भडकले. मुलीचा बापच येत नाही याचा अर्थ आम्ही काय समजायचा, आम्ही इथे रिकामटेकडे बसलोय का, असे म्हणत उठले आणि चपला घालू लागले. मीनल आतून बाहेर आली आणि दाराशी नुसती उभी राहिली. मुलगा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. सगळे संपलेच होते, असे बबन म्हणाला.

मग मुलीचा मामा या नात्याने तो उठला आणि त्याने खरे ते सांगून टाकले. दाजी चालत येताहेत. अंबरनाथहून. रानातून. नकाशा बघत.

किसनरावांनी विचारले, का, आज रिक्षा बंद आहेत काय?

आधी मुलगा हसला. मग मीनल. मग ते तापट बंधू इतके हसले की त्यांना चपला काढून भिंतीला टेकून बसावे लागले. त्यानंतर सगळी मंडळी मला शोधायला गच्चीवर गेली आणि बैठक तिथेच बसली. लग्न साधे, विहारात, खर्च निम्मा निम्मा, मानपान काही नाही. सगळे ठरले. या मसुद्याला माझ्या किमान सात हरकती असत्या.

कोणीतरी ओरडले, तो बघा, नदीत माणूस! तो मीच होतो. पँट दुमडलेला, नकाशा डोक्यावर धरलेला. किसनराव बराच वेळ पाहत राहिले. पोरीसाठी बाप नदीतून येतोय, ह्याला नाही कसं म्हणायचं, असे ते म्हणाले.

हे वाक्य बबनकडून दोनदा वदवून घेतले.

मी पोचलो तेव्हा पेढे वाटून झाले होते. सर्वांनी उभे राहून स्वागत केले. बसल्यावर मी एकच सूचना केली: गच्चीचा कठडा भिंतीला समांतर नाही. बंधूंची नजर चपलांकडे गेली. तेवढ्यात बबनने माझ्या तोंडात पेढा कोंबला. तो गिळेपर्यंत दुसरा.

रविवार, २२ डिसेंबर

परीक्षेचा निकाल. नीलिमाबाईंनी मूळ शीट आणि माझा नकाशा शेजारीशेजारी ठेवले. माझी लाल पायवाट तिथे निळी होती. माझा निळा ओढा तपकिरी होता. मी दोन्हींकडे थोडा वेळ पाहिले. मूळ शीटची छपाई जुनी आहे.

सर, रंगकाम खरंच सुंदर आहे, असे त्या म्हणाल्या. माझ्या नावापुढे त्यांनी ‘पुन्हा’ एवढेच लिहिले आहे. मी वर्गात पुन्हा यावे अशी त्यांची इच्छा दिसते.

शनिवार, २८ डिसेंबर

उद्या सोनिवलीला दुसरी बैठक. लग्नाची तारीख, पत्रिकेचा मजकूर, जेवणासाठी हॉल. महत्त्वाचे निर्णय आहेत. मी रिक्षाने येण्याची तयारी दाखवली. सर्वांच्या सोयीसाठी हा त्याग.

परंतु किसनरावांचा खास निरोप आला आहे. साहेबांनी गेल्या वेळेसारखं चालतच यावं, आमची सगळी बिल्डिंग गच्चीवरून बघणार आहे, आणि मुळीच घाई करू नये. तापट बंधूंचाही आग्रह आहे म्हणे. माझ्या पद्धतीला मिळालेली ही पहिली सार्वजनिक मान्यता.

चांगुणाला हे सांगितले. ती म्हणाली, जा की, आरामात जा. इतक्या गोड आवाजात ती माझ्याशी अलीकडे बोललेली नाही. तारीख काय ठरवावी यावर माझी मते लिहून देऊ का, असे विचारले. तुम्ही आलात की बोलूच, असे ती म्हणाली.

रविवार, २९ डिसेंबर

सकाळ. निघतो आहे. या खेपेस वर्गातल्या मूळ शीटशी ताडून सगळे रंग दुरुस्त केले आहेत. वरच्या खऱ्या पायवाटेने गेलो तर बैठक सुरू होण्याआधीच पोचेन. हे चांगुणाला सांगितले तेव्हा तिने मीनलकडे पाहिले आणि मीनलने बबनकडे.

बबन म्हणाला, दाजी, मीपण येतो तुमच्याबरोबर चालत. मला तो वहाळ बघायचाय.

मीनलने स्वतः उठून डबा भरला. मागच्या वेळेसारखी बाही धरली, पण या वेळी हसत होती. बाबा, सावकाश या, असे म्हणाली.

पिशवी फारच जड लागली म्हणून जिन्यात उघडून पाहिली.

डबा दोन वेळचा आहे.