अर्जातला बाबांचा हात

पिंपरी, मंगळवार, ऑक्टोबर १९७८

अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या अर्जातला निबंध आज बाबांना मराठीत सांगितला आणि घोळ झाला. बायोमेडिकल इंजिनिअरिंगच का शिकायचंय, हे त्यात लिहायचं असतं. मी त्यांच्या उजव्या हाताबद्दल लिहिलं होतं. मी चौथीत असताना कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसखाली त्यांचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. कृत्रिम हात बनवायचं तेव्हापासून डोक्यात आहे. खोटं काहीच नाही त्यात.

बाबा शिफ्टवरून येऊन चहा पीत होते. ‘लाचार’ शब्दाशी त्यांनी मला थांबवलं.

“लाचार कोण? ह्याच हातानं तुला सायकल शिकवली. ते न्हाई लिवलं?”

“तसं लिहिलं तर विद्यापीठाला कृत्रिम हाताची गरज कशी पटणार, बाबा?”

“गरज मला विचारायचीस की.”

मग विचारलं. त्यांनी डावी बाही पुढे केली.

“बाकी सगळं जमतं. डाव्या बाहीचं बटन तेवढं लागत न्हाई. रोज तुझी आई लावती.”

डाव्या बाहीचं बटण! एका खोलीत राहून मला हे कसं दिसलं नाही? लाचार खोडलं, बटणाचं लिहायला घेतलं. एवढं एक बटण लावणारी बोटं बनवायची आहेत, बस्स.

आई भाकरी थापत होती. मागे न वळताच म्हणाली, “बटनाचं नको लिवू. तेवढं ऱ्हाऊ दे माझ्याकडं.”

बाबा हसले.

ते वाक्यही खोडलं. विद्यापीठाला काय सांगायचं ते उद्या बघू. त्या दोघांच्या मधे मला शिरायचं नाही.