कर्णधाराला हाक कशी मारावी

स्वस्ति श्री समस्त-भीमा-घोड-नदीमध्य-प्रदेशस्थ-धूलिमंडित-क्रीडांगणाधिपती, अंडाकृती-कंदुकविद्याप्रवर्तक, शीळनाद-धुरंधर, गुडघेदुखी-विजेते, सेवानिवृत्त हवालदार तथा क्रीडाशिक्षक, मूळ मुक्काम खुटबाव, हल्ली मुक्काम परलोक, यांच्या चरणी शिरूरच्या एका संस्कृत शिक्षकाचा साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द केवळ परंपरेने लिहिला आहे. माझ्या कंबरेचे सहकार्य आता चार अंगांपुरतेच मिळते.

आबा, उद्या वरवंडला रग्बीच्या नव्या पंचांचे शिबिर आहे आणि मला विषय नेमून दिला आहे: सामना चालू असताना पंचाने खेळाडूंना व कर्णधाराला कसे संबोधावे. या विषयावरचा आपला वाद तुम्ही गेल्यावरही मिटलेला नाही. फरक इतकाच की तुमच्या बाजूने बोलणारा आता कोणी उरलेला नाही, आणि या परिस्थितीचा मी पुरेपूर लाभ घेणार आहे.

लष्करातून निवृत्त झालेले लोक गावी लोखंडी ट्रंक आणतात. तुम्ही रग्बी आणलीत. पुण्याच्या छावणीत शिकलेला तो खेळ तुम्ही दौंड तालुक्यातल्या पोरांच्या हाती दिलात आणि पोरांनीही तो कसलेही आश्चर्य न दाखवता घेतला. पकड त्यांना कबड्डीने शिकवली होती. खांद्याला खांदा लावून रेटणे हा तर मेंढरांच्या वाड्यातला त्यांच्या आजोबांचा नित्य व्यवहार होता. चेंडू गोल नाही याचे मात्र काही दिवस हसू झाले. अडचण होती ती पंचांची. दौंडला शिक्षकांचे प्रशिक्षण होते, तिथे दुपारच्या चहाला तुम्ही माझ्या खुर्चीसमोर उभे राहिलात आणि म्हणालात, "मास्तर, सगळ्या क्रीडाशिक्षकांचं गुडघं गेल्यात. तुमचा घसा शाबूत हाय. तुम्ही शिट्टी घ्या." गुणवत्तेच्या इतक्या निःपक्षपाती मूल्यमापनानंतर नकार देणे मला अशक्य झाले.

माझा पहिला सामना तुम्हाला आठवत असेलच. तो विसरल्याचा बहाणा तुम्ही कधीही केला नाहीत. आठ क्रमांकाच्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याला मानेभोवती हात घालून पाडले आहे. मी शीळ फुंकतो, त्याला जवळ बोलावतो आणि अत्यंत प्रसन्न स्वरात सांगतो, "आपले हे आचरण क्रीडाधर्माशी विसंगत असून त्याची पुनरावृत्ती झाल्यास मला आपणांस निष्कासित करणे भाग पडेल." पोरगा माझ्याकडे पाहतो, मग सोबत्याकडे पाहतो आणि विचारतो, "पास झालो का नापास?" त्या संध्याकाळी दौंड स्टेशनाबाहेर भज्यांच्या गाडीपाशी तुम्ही माझी शिकवणी घेतलीत. "तुमचं वाक्य संपस्तोवर ते पोरगं पलीकडं चेंडू टेकवून परत येतंय. पंचाला भाषा नसती, मास्तर. आन् नातीबी नसत्यात. जर्सीवर आकडा कशाला छापलाय? आकड्यानं हाक मारायची. कर्णधार असला तरी आकडाच."

भाषेविषयीचा तुमचा आक्षेप मी मान्य केला आणि त्यानंतर मैदानावर 'निष्कासित' हा शब्द उच्चारला नाही. आकड्याचा सिद्धांत मात्र मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. आपल्या प्रदेशात माणसाला आकड्याने हाक मारली जाते ती तुरुंगात किंवा सरकारी दवाखान्यात. दोन्ही ठिकाणी तो सुधारून बाहेर पडतो असा अनुभव नाही. इंग्रजी नियमपुस्तकात लिहिले आहे की पंचाशी बोलायचे ते कर्णधाराने, आणि संघाला समज द्यायची तर पंचाने कर्णधाराला बोलवावे. हे वाचून मला परकेपणा वाटण्याऐवजी घरी आल्यासारखे वाटले. कोणाचे शेरडू आपल्या घेवड्यात शिरले तर आपण राखणाऱ्या पोराशी भांडत नाही. आपण त्याच्या घरी जातो, घराच्या कारभाऱ्यासमोर बसतो, पाऊसपाण्याचे बोलतो, चहा घेतो आणि उठता उठता म्हणतो, तेवढं जरा शेरडाकडं बघा. मग पोराला जे काही ऐकावे लागते ते त्याच्याच घरात आणि त्याच्याच भाषेत. मी तुम्हाला म्हणालो की कर्णधार म्हणजे पंधरा जणांच्या घराचा कारभारी, त्याला त्याच मानाने हाक मारावी. तुम्ही कांद्याचे भजे मोडत म्हणालात, "बांधावर शिट्टी नसती, मास्तर."

आता त्या अंतिम सामन्याचे. मैदान म्हणून आपल्याला मिळाले होते ते वरवंडजवळ महामार्गाला लागून असलेले एका बागायतदाराचे पडीक रान. दुसरे मैदान कोणी देईना; खेळ पाहून झाल्यावर तर मुळीच देईना. रानाच्या पूर्वेला त्याच बागायतदाराचा झेंडू, दसरा तोंडावर आलेला, वाफे पिवळेधमक. बागायतदाराला सगळे मामा म्हणत. सामन्याच्या सकाळी मामांनी आपल्या दोघांना बांधावर उभे करून अट घातली होती. "खेळा. पर मारामारी झाली आन् मानसं झेंडूतनं पळाली, तर उद्या सकाळी हितं नांगर फिरंल. मग आबा न्हाई, बाबा न्हाई." तुम्ही मान हलवलीत. नांगर फिरला असता तर तालुक्यातली तुमची रग्बी त्याच सरीत पुरली गेली असती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळत होते.

एका बाजूला शिरूरचा संघ होता. दुसऱ्या गावाचे नाव लिहीत नाही, तिथे माझी सासुरवाडी आहे. या दुसऱ्या संघाने कर्णधार नेमताना एक अशी चूक केली होती की जी पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र चूक म्हणून ओळखलीही जाणार नाही. तालुक्याला खेटे घालायला ज्याला सवड होती त्या तरुणाला त्यांनी कर्णधार केले, आणि त्याच संघात, पहिल्या फळीत, तीन क्रमांकाची जर्सी घालून त्याचा सख्खा चुलता खेळत होता. वयाने चार-पाच वर्षांनीच मोठा, पण चुलता तो चुलता. साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवणारा, रुंदीला ट्रॅक्टरपेक्षा किंचित कमी. त्याला घरात आणि गावात नाना म्हणत.

उत्तरार्ध अर्धा सरला आहे. मी नानांच्या विरुद्ध शीळ फुंकली आहे. नाना कंबरेवर हात ठेवून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "मास्तर, डोळ्यात तपकीर गेली का?" त्यापुढे ते माझ्या मातुल घराण्याविषयी काही विधाने करतात, जी पुराव्याने सिद्ध होण्यासारखी नाहीत. शिरूरचा एकजण हसतो. नाना त्याची कॉलर धरतात. बांधावर दोन्ही गावांची माणसे पायजमे दुमडायला लागतात आणि त्यांच्या पलीकडे झेंडूत काम करणारे मामा हातातला विळा खाली ठेवून सरळ उभे राहतात. तेवढ्यात रेषेवरून तुमची आरोळी येते, "मास्तर, तीन नंबर, भाईर."

त्या क्षणी मी आकडा उच्चारून बोट रोखले असते तर काय झाले असते, याचा निर्णय करायला तर्कशास्त्र लागत नाही. मी नानांकडे पाठ केली. कर्णधाराकडे वळून, आवाज शक्य तितका खाली आणून म्हणालो, "कारभारी, जरा इकडे येता का?"

पोरगा आला. बाहीने तोंड पुसत माझ्यापुढे उभा राहिला.

"तुमच्या घरच्या माणसाने पंचाला अपशब्द वापरले आहेत. त्यांना समज द्या."

त्याने मान खाली घातली. "सर, ते माझं चुलतं हायती."

"ठाऊक आहे."

"मग म्या कसं बोलू? रात्री शेजारी जेवायला बसायचंय."

आबा, इतक्या सुंदर सिद्धांताचा इतक्या थोड्या शब्दांत पराभव मी पाहिलेला नाही. ज्याने रागवायचे तो धाकटा आणि ज्याने ऐकून घ्यायचे तो वडील, ही शक्यता इंग्रजी पुस्तकातही नव्हती आणि माझ्या बांधावरच्या दृष्टांतातही नव्हती. मी शिट्टीची दोरी मनगटाला गुंडाळू लागलो. ते बाहेरून करारी दिसले असे नंतर काही लोकांनी सांगितले.

पोरगा वळला आणि चुलत्याजवळ गेला. "नाना."

"काय रं?"

"म्या निघालो."

"कुठं?"

"भाईर. सर म्हंत्यात कारभारी तू हायस. घरच्याचं चुकलं तर जबाब कारभाऱ्याला. तुम्ही खेळा. म्या बसतो."

मी असे काहीही म्हणालो नव्हतो. पण तो जर्सी डोक्यातून काढू लागला होता आणि बांधाच्या दिशेने चालूही लागला होता. नानांच्या मुठीतली कॉलर सुटली. आपण खेळायचे आणि आपल्यापायी पुतण्याने सगळ्या गावासमोर उघड्या अंगाने बांधावर बसायचे. मग घरी थोरल्या भावाला काय तोंड दाखवायचे? ते सगळे गणित मला त्यांच्या चेहऱ्यावर पायरीपायरीने सुटताना दिसले. "थांब की," ते म्हणाले. मग माझ्यासमोर येऊन, माझ्याकडे न पाहता, "मास्तर, पोराला ठेवा. म्या जातो." जाताना त्यांनी शिरूरच्या पोराची कॉलर नीट केली, जरा जास्तच जोराने. एव्हाना बांधावर येऊन बसलेल्या मामांनी सरकून त्यांना जागा दिली. "बसा पाव्हणं. तेवढं झेंडूवर पाय नका ठेवू." नाना पाय पोटाशी घेऊन बसले. पायजमे पुन्हा उलगडले गेले. सामना नानांचा संघ हरला, आणि दुसऱ्या सकाळी नांगर दुसऱ्याच रानात फिरला.

मला वाटले होते तुम्ही पाठ थोपटाल. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि म्हणालात, "नशिबानं निभावलं. पोरगं शहाणं निघालं. उद्या कर्णधार चुलता असला आन् चूक पुतण्याची, तर चुलता त्याला मैदानातच हाणील. मग?"

"मग चुलत्याच्या वडिलांना बोलावीन," मी म्हणालो.

"असं करत करत समदं गाव मैदानात येईल, मास्तर. त्यापरीस आकडा बरा."

या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. पण तसा प्रसंगही अद्याप उद्भवलेला नाही, आणि शास्त्रात यालाच प्रमाण म्हणतात. इनामगावपासून दौंडपर्यंत मी बरेच सामने चालवले. कारभारी म्हटल्यावर ज्याची मान जरा उंच होत नाही आणि आवाज जरा खाली येत नाही असा कर्णधार मला भेटला नाही. तुमच्या शेवटच्या आजारात खुटबावला आलो होतो, तेव्हा मी हेच सांगायला तोंड उघडले. तुम्ही बाजेवरून हात उचललात आणि म्हणालात, "आकडा, मास्तर." मी चहा घेतला आणि पाऊसपाण्याचे बोललो.

तर उद्याच्या व्याख्यानाविषयी तुमच्या कानावर घालायला हवे ते असे. शिरूर-दौंडकडचे सगळे नवे पंच आता कर्णधाराला कारभारी म्हणून हाक मारतात, आणि ही रीत तुमची आहे अशी त्यांची दृढ श्रद्धा आहे. ही श्रद्धा मीच रुजवली. रग्बीविषयीचा उपदेश संस्कृतच्या मास्तराकडून घ्यायला कोणी तयार होईना. "आबा म्हणत असत" असे आरंभी जोडले की तेच वाक्य माना डोलावून ऐकले जाते. उद्याही जोडणार आहे. हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला कळते. असती तरी मी टाकले नसते. उलट टपाली तुम्ही फक्त एक आकडा लिहून पाठवला असता.

आणखी एक. रग्बीच्या समितीने पंचांना यंदा जे नवे पोशाख दिले आहेत त्यांतल्या चड्डीला खिसा नाही. लाल आणि पिवळे कार्ड ठेवायचे कुठे, याबद्दल मी समितीला दोनदा विचारले. सूचना विचाराधीन आहे असे कळवले आहे. तूर्त दोन्ही कार्डे मोज्यात खोचतो. पहिल्या दहा मिनिटांत घामाने ती भिजतात, आणि लाल कार्डाचा रंग डाव्या पोटरीला लागतो तो साबणानेही जात नाही.