रुडिगरची निळी गाडी

३ जुलै, गुरुवार
स्वेन्याला इस्पितळात नर्सिंगच्या प्रशिक्षणाची जागा मिळाली. १ सप्टेंबरपासून. सकाळची पाळी सहाला सुरू होते आणि आमच्या भागातून पहिली बस निघते पाच पंचावन्नला. म्हणजे गाडी हवीच. जेवताना जाहीर केलं, मुलीची गाडी बाप घेणार. छोटी, शहरात कुठेही मावणारी, वापरलेली. हेडविग म्हणाली, डीलरकडून घे, कायद्याने वर्षभराची गॅरंटी मिळते. बायकोला गॅरंटी कागदावर लागते. मला ती माणसाच्या चेहऱ्यावर दिसते. सव्वीस वर्षं ओल्डनबुर्गच्या तळघरांत उतरून पाण्याचे मीटर वाचतोय. ज्याचं तळघर पाहिलं, तो माणूस मला कळलाच.

५ जुलै, शनिवार
डीलर क्रमांक एक. विक्रेता फार हसत होता. माणूस बरोबर नाही. लगेच निघालो. हेडविगने विचारलं, एगोन, गाडीकडे बघितलंस का तरी? तेवढी वेळच आली नाही.

१२ जुलै
डीलर क्रमांक दोन. हा अजिबात हसत नव्हता. याच्यापासून तर आणखी लांब राहायला हवं.

१७ जुलै, गुरुवार
काम फत्ते. दर गुरुवारी कोपऱ्यावरच्या बिअरखान्यात मी, रुडिगर आणि योखन स्काट खेळतो. पत्त्यांचा खेळ, बरोबर तिघांचा. एकतीस वर्षं, तेच टेबल. आज पत्ते वाटता वाटता रुडिगर म्हणाला, आमच्या हिची, मार्गिटची, निळी गाडी नुसती उभी आहे, तिचे डोळे आता साथ देत नाहीत, तूच घेऊन टाक ना. शिवाय म्हणाला, मे महिन्यातच तुला बोललो नव्हतो का, स्वेन्याला गाडी लागेल म्हणून? खरंच बोलला होता. किती लांबचा विचार करतो हा माणूस. तो स्वेन्याचा धर्मपिता आहे. बाप्तिस्म्याला तिला हातांत घेऊन तोच उभा होता, आणि ती त्याच्या कोटावर ओकली तरी हसत होता. योखन ग्लासाखालचा पुठ्ठा फाडत बसला. हेवा वाटला असणार.

१९ जुलै
गाडी पाहिली. वय चौदा वर्षं, दिसते सहाची. आत लिंबाचा वास. पायाखाली नवेकोरे रबरी मॅट. रुडिगरने स्वतः आणून अंथरलेत, धर्मकन्येला भेट म्हणून. मला भरून आलं. टेस्ट म्हणून त्याच्या गल्लीत दोन चकरा मारल्या. खाली वाकून बघणार होतो, पण मित्राच्या गाडीखाली शिरणं बरं दिसत नाही. पाठही धरली होती. सक्तीच्या सरकारी तपासणीचा बिल्ला नोव्हेंबरपर्यंतचा आहे. आणि रुडिगरचं तळघर मी ओळखतो. तिथे जमिनीवर वाढून जेवता येईल.

२६ जुलै
करार झाला. रुडिगर म्हणत होता, आपल्यात कागद कशाला, हातावर हात मार आणि ने. मी बधलो नाही. मैत्री वेगळी, फॉर्म वेगळा. चार पानांचा छापील करार मीच नेला होता, दोन प्रती, दोन पेनं. एकेक कलम मोठ्याने वाचलं. कलम चार: गाडी आहे तशी विकली, पुढे काही निघाल्यास विक्रेता जबाबदार नाही. समोरच्या चौकोनात मी ठसठशीत फुली मारली. रुडिगरने विचारलं, तुला नक्की हे हवंय? मी म्हटलं, लेका, एक चौकोन रिकामा राहिला तरी फॉर्म अपुरा धरतात, मीटरचे फॉर्म भरण्यात जन्म गेला माझा. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. कौतुकाने, बहुतेक.

दोन हजार चारशे युरो दिले. मार्गिटने चेरीचा केक कापला. चावी देताना रुडिगर स्वेन्याला म्हणाला, पोरी, हळू चालव हं, हायवेवर अजिबात जायचं नाही, साठच्या वर न्यायची नाही. दोनदा म्हणाला. सख्खा काका एवढी काळजी करणार नाही.

३ ऑगस्ट
पाऊस. गाडीच्या काचा आतून धुरकटतात. स्वेन्याचं म्हणणं, आत ओल्या कुत्र्याचा वास येतो. तिला सांगितलं, गाडी लहान आहे, तू श्वास जरा बेताने घे.

९ ऑगस्ट
ड्रायव्हरच्या पायाशी पाणी. पाणी या विषयात शहरात माझ्याइतकं कुणाला कळत असेल असं वाटत नाही. निष्कर्ष: छत्रीचं पाणी. स्वेन्या म्हणाली, बाबा, मी छत्री नेलीच नव्हती. मग बुटांचं.

१६ ऑगस्ट
पुन्हा पाणी. हेडविग म्हणते, रुडिगरला विचार. बाईला मैत्री म्हणजे काय ते माहीतच नाही. अशा प्रश्नाने माणूस जन्मभराचा दुखावतो. त्यापेक्षा ठराव: गाडी मुदतीआधीच नव्या तपासणीला न्यायची. दोन वर्षांचा कोरा बिल्ला, कामाच्या पहिल्या दिवसाची भेट. स्वेन्या खूश.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
तपासणी झाली.

तपासनीस तरुण होता, हात स्वच्छ. त्याने गाडी वर उचलली आणि मला खाली बोलावलं. दारांखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. मग मॅट काढायला लावला, तर पायाखालच्या पत्र्यातल्या भोकातून, गाडीच्या काचेपलीकडे, मला छताची ट्यूबलाइट दिसली. म्हणाला, मुलीला यात बसवताय? बाजूने कुणी ठोकलं तर हे दार तिच्या मांडीवर येईल. मी म्हटलं, गाडी खात्रीच्या माणसाची आहे. तो म्हणाला, गाडी ओळखतो मी, मे महिन्यात मुदतीआधीच आली होती, नवा बिल्ला मी दिला नाही. उंच गृहस्थ, पांढरी मिशी. त्यांना सगळं दाखवलं, लेखी दिलं, आणि बजावलं की ही आता कुणाला देऊ नका.

उंच आणि पांढऱ्या मिशीचे लोक ओल्डनबुर्गमध्ये पुष्कळ आहेत. रुडिगर विसरलाही असेल. कागद मार्गिटने कुठेतरी ठेवला असेल, तिचे डोळे अधू आहेत. तपासनिसाने तारीख सांगितली, १५ मे. घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. गुरुवार होता. त्याच संध्याकाळी रुडिगरने स्वेन्याच्या गाडीचा विषय काढला होता.

हायवेवर जायचं नाही. साठच्या वर न्यायची नाही. दोनदा म्हणाला होता.

गाडी तिथेच सोडून आलो.

३१ ऑगस्ट
योखनला फोन केला. त्याला धक्का बसेल, मग दोघं मिळून रुडिगरला जाब विचारू, असा बेत होता. योखन म्हणाला, हो, पाहिला होता मी तो कागद, त्याच्या गॅरेजात पडलेला. मग बोलला का नाहीस गाढवा? तर म्हणाला, दोन मित्रांच्या व्यवहारात मी कशाला पडू, आणि तू कुठे कुणाला बोलू देतोस.

हेडविग ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तिच्या ऑफिसातल्या वकीलबाईंना विचारलंय. जाणूनबुजून लपवलं असेल तर कलम चार चालत नाही, फुली कुणीही मारलेली असो. तपासनीस लेखी द्यायला तयार आहे. म्हणजे रुडिगरने मुकाट्याने गाडी परत घ्यायची, नाहीतर कोर्ट. ठराव: गुरुवारी, तोंडावर, योखनदेखत.

१ सप्टेंबर
स्वेन्या पाच वाजता आईच्या सायकलवरून गेली. पाऊस होताच. दारात तिने विचारलं, रुडिगरकाकांना ठाऊक होतं का हो? मी म्हटलं, नाही गं. तिने रेनकोटची टोपी ओढली आणि म्हणाली, बरं.

४ सप्टेंबर, गुरुवार, संध्याकाळी ५
भाषण तयार आहे. चार मुद्दे. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं, तिसरा मुद्दा आला की आवाज फाटतो. तो गाळतो. सुरुवात अशी: रुडिगर, मी आज खेळायला आलेलो नाही.

तोच दिवस, ९ वाजता
हेडविगला सांगितलं, चांगलं खडसावलं, त्याने मान खाली घातली, पुढच्या आठवड्यात काय ते कळवतो म्हणाला. तिने सूप गरम करून दिलं आणि खरंच का, असं विचारलंही नाही.

इथे खोटं लिहून काय उपयोग. गेलो तेव्हा दोघं बसले होते. माझी बिअर येऊन पडली होती, फेस बसलेली. रुडिगर म्हणाला, उशीर केलास, दोघांत काय खेळणार, पत्ते वाट ना. मी बसलो. दोन डाव जिंकलो. गाडीचं त्याने विचारलं नाही, मी काढलं नाही, योखनने पुठ्ठा फाडला. निघताना रुडिगरने माझा कोट खुंटीवरून काढून दिला. मी थँक्यू म्हटलं.

त्याने माझ्या पोरीला त्या पत्र्यावर बसवलं, आणि मी त्याला थँक्यू म्हटलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पण त्या दोघांशिवाय मला कुणी नाही. या वयात स्काटला बसायला नवीन माणसं मिळत नाहीत.

वाटेत एक गोष्ट लक्षात आली. ती गाडी त्याने अनोळखी माणसाला विकली असती, तर तो माणूस त्याच्या दारात येऊन ओरडला असता, वकील घेऊन आला असता. मी मात्र गुरुवारी येऊन पत्ते वाटणार, हे रुडिगरला मे महिन्यातच ठाऊक होतं.