बॅटऱ्यांचा चारा

श्रीनगर, जानेवारी १९५७

तीर्थरूप दादांना बद्रीनाथचा काश्मीरहून दंडवत.

मी मजेत हाय. थंडीनं बोटं उलली, पर आईला सांगू नका. तिचा खोकला गेला का?

तळं गोठल्यानं सरकारी मोटर-नावा बंद हायत. त्यांच्या बॅटऱ्या माझ्या खोलीत आणल्यात. नुसत्या ठेवल्या तर मरतात, म्हणून दर महिन्याला थोडी थोडी वीज पाजून राह्यलो. मागल्या साली बर्फ वितळल्यावर सगळ्या नावा पहिल्याच झटक्यात सुरू झाल्या.

साहेबानं इचारलं, हे कुठं शिकला? मी म्हणलं, आमच्या दादांकडं. ते भाकड गाईचाबी चारा तोडत न्हाईत.

अन् तुम्ही लिहिता, कपिली गाय आटली, अंबडच्या बाजारात इकायला नेतो! दादा, साहेबापुढं मला खोटं पाडू नका.

तुमचा,
बद्रीनाथ